चेंडू कुठे होता

फ्राय बेन्तोस. नदीपलीकडे अर्जेंटिना,
अलीकडे मांसाच्या बंद कारखान्याची चिमणी
आणि तिच्या सावलीत आमचं मैदान.
मधोमध गवत नाहीच.
मी रेषेवरची. हातात झेंडा,
दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली.

मुख्य पंच एबेर एचेगाराय. गुडघा कुरकुरतो त्याचा.
सामन्याआधी एवढंच सांगतो:
"चेंडू मी बघतो, मिर्ता.
तू माणसं बघ."

सोपं नाही ते.
ताटावरची माशी उडाली तरी मान वळते,
हा तर चेंडू.
आठशे माना, दोन पोलीस, चुर्रोसवाला,
पोलिसांचं कुत्रंसुद्धा.
सगळं गाव एका बाजूला कलतं
आणि दुसरी बाजू मोकळी राहते
ज्याला जे करायचंय त्याच्यासाठी.

घरच्या संघाचा पाच नंबर, ओल्मेदो.
पाहुण्यांचा नऊ, ब्रिसुएला, एकोणीस वर्षांचं पोर.
तासभर चाललं होतं त्यांचं.
आधी जर्सी ओढणं, मग टाचेवर बूट,
मग ओल्मेदो त्याच्या कानाशी काहीतरी बोलला
आणि हसला.
मला ऐकू आलं नाही,
पोराच्या मानेची शीर तेवढी दिसली.
एबेरला सांगितलं. तो दोघांशी बोलला.
दोघांनी मान डोलावली.
डोलावतातच.

एक्काहत्तरावं मिनिट. लांब पास,
घरच्यांची चढाई, मैदान तिकडे धावलं,
एबेर धावला, गुडघ्यासकट.
मी नाही वळले.

मागच्या वर्षी वळले होते, मेर्सेदेसला.
परत पाहिलं तेव्हा एक जण गवतावर बसलेला,
तळहातावरचा दात मला दाखवत होता,
दुकानदाराला खोटं नाणं परत करावं तसा.
"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.
खरंच होतं ते.
पाहिलं नाही ते शिट्टीत येत नाही, नियमच आहे.
त्या खरेपणाची चव अजून जिभेवर आहे.

ओल्मेदोनं आधी इकडेतिकडे पाहिलं,
रस्ता ओलांडणाऱ्या शहाण्या माणसासारखं.
एबेरची पाठ. प्रेक्षकांच्या पाठी.
माझ्याकडे बघायचं तेवढं राहिलं.
मग कोपर.
आवाज अगदी लहान झाला,
शेजारच्या घरात कुणी कपाट लावावं तसा.

झेंडा वर.
त्याच क्षणी पलीकडून गर्जना: गोल!

आमच्याकडे ती कानातली यंत्रं नसतात.
हा एक हात आहे.
ढोल वाजले, हात वर.
कुणी अनोळखी माणसाला मिठी मारली, हात वर.
खांदा थरथरायला लागला तेव्हा एबेरला दिसला,
आणि तो चालत आला, अख्खं मैदान पार करून.

"सांग."
"पाच नंबर. कोपर. तोंडावर. चेंडू जवळपास नव्हता."
"नक्की?"
"नक्की."
पुढे त्यानं विचारलं नाही.
याच्यासाठीच मी त्याच्याबरोबर सामने घेते.

लाल कार्ड. गोल रद्द.
चेंडू आणून ठेवला
पोराच्या रक्ताच्या चार थेंबांशेजारी, पाहुण्यांची फ्री किक.

गोल आठशेंनी पाहिला होता.
कोपर मी एकटीनं.
मग काय, कुणाच्या थर्मासमधलं गरम पाणी आलं अंगावर,
माझी आई निघाली, मग आजी निघाली.

दोन तास खोलीत कोंडून बसलो,
येर्बा मातेचा तुंबा याच्याकडून त्याच्याकडे.
दारावर टकटक. ओल्मेदो,
आंघोळ करून, केस विंचरून.
"तू बघत होतीस?"
"हो."
"पण तिकडे गोल होत होता," तो म्हणाला.
रागानं नाही. नवल वाटून.

तो गेल्यावर अहवाल लिहायला घेतला.
वेळ. नंबर. कृत्य.
खाली एक चौकट: त्या वेळी चेंडू कुठे होता?
पेन थांबलं.
"एबेर, गोल कसा होता रे?"
तो गुडघ्याला बर्फ लावत होता.
बराच वेळ लावत राहिला.
"सुंदर," म्हणाला.

चौकटीत मी लिहिलं:
माहीत नाही.